‘मे’, ‘कॅन’ आणि आपलें ‘येऊं का?’

परभाषेचें व्याकरण शिकणें तितकेंसें अवघड नाहीं. त्या भाषेंत विनंति कशी करावी, परवानगी कशी मागावी आणि शुभ कसें चिंतावें, हें शिकणें मात्र फार अवघड आहे. नामें, क्रियापदें, काळ हीं पाठ करतां येतात. परंतु दुसऱ्याकडून आपणांस कांहीं हवें असलें म्हणजे जीभ कोणत्या वळणानें वळवावी, हें कोशांत सांपडत नाहीं. शब्द सगळे शुद्ध, वाक्य निर्दोष, आणि तरीही ऐकणाराच्या कपाळाला आठी पडावी, असा प्रकार नेहमीं घडतो. बोलणारास वाटतें आपण नम्र होतों. ऐकणारास वाटतें यानें हुकूम सोडला.

हा विषय आज मुद्दाम घेण्याचें कारण असें कीं, इंग्रजी ही पूर्वीं कचेरीची आणि परीक्षेची भाषा होती. आतां ती पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत घरांत येऊन बसली आहे. आजोबा तर्खडकरांच्या पाठमालेवर इंग्रजी शिकलेले, मुलगा आणि सून परदेशी कंपनींत नोकरीस, आणि नातवंडें परमुलुखांत वाढणारीं, असें चित्र एकेका घरांत दिसतें. अशा घरांत एका भाषेचा विनय दुसऱ्या भाषेंत उद्धटपणा ठरण्याचे प्रसंग वरचेवर येतात. त्यांतले कांहीं हसण्यावारीं जातात. कांहीं मनाला लागतात. आणि एखादा प्रसंग चांगलेंच नुकसान करून जातो.

एकच ‘यू’

आपल्या भाषेंत विनयाचें पुष्कळसें काम सर्वनाम आणि क्रियापदाचा प्रत्यय हींच उरकून टाकतात. तूं, तुम्ही, आपण अशा तीन पायऱ्या. आणि प्रत्येक पायरीला क्रियापदाचें रूप निराळें. धाकट्याला ‘ये’, मोठ्याला ‘या’, सन्मान्य पाहुण्याला ‘यावें’. दारांत आलेल्या गृहस्थास ‘यावें, बसावें’ म्हटलें कीं आदर पुरा झाला. ‘कृपा करून’ हे शब्द उच्चारण्याची गरजच उरत नाहीं.

इंग्रजींतही एके काळीं असा भेद होता. एकट्याला ‘दाऊ’ आणि अनेकांना ‘यू’ अशी मूळची चाल. पुढें फ्रेंच दरबारी रीतीच्या वळणानें एकट्या मोठ्या माणसासही ‘यू’ म्हणूं लागले. सन १६०० च्या सुमारास लिहिलेल्या शेक्सपिअरच्या नाटकांत हे दोन्ही शब्द वावरतांना दिसतात. पुढें सतराव्या शतकांत ‘दाऊ’ मागें पडत गेला आणि अठराव्या शतकापर्यंत शिष्टांच्या नित्य बोलण्यांतून नाहींसा झाला. क्वेकर पंथाच्या लोकांनीं मात्र सर्व माणसें सारखीं म्हणून लहानथोर सर्वांस तोच शब्द लावण्याचा हट्ट धरला, आणि त्याबद्दल त्यांस मोठ्या लोकांचा रोष सोसावा लागला. जुन्या वळणाच्या प्रार्थनेंत देवाला तेवढें ‘दाऊ’ राहिलें. आपणही राजाला ‘आपण’ म्हणतों आणि विठोबाला ‘तूं’ म्हणतों, हें येथें आठवावें.

याचा परिणाम काय झाला? राजाला ‘यू’, नोकरालाही ‘यू’, दाराशीं झोंपलेल्या कुत्र्यालाही ‘यू’. ‘कम हिअर’ याचें मराठी ‘ये’ करावें, ‘या’ करावें कीं ‘यावें’ करावें, हें त्या वाक्यावरून कळावयाचें नाहीं. मग विनय ठेवावयाचा कोठें? तो सर्वनामांतून उठला आणि सहायक क्रियापदांत जाऊन बसला. मे, माइट, कॅन, कुड, विल, वुड, शॅल, शुड हीं आठ लहानशीं क्रियापदें म्हणजे इंग्रजांच्या विनयाचें सगळें भांडवल होय. आपल्याकडील मनुष्य तीं गाळून नुसत्या आज्ञार्थाला ‘प्लीज’ जोडतो, आणि झालें असें समजतो. परंतु ‘गिव्ह मी दॅट बुक, प्लीज’ ही आज्ञाच आहे. तिनें डोक्याला पागोटें बांधलें आहे, इतकेंच.

हा ‘प्लीज’ शब्दही मूळ फ्रेंचांकडून आलेला. त्याचें पूर्वीचें लांबलचक रूप ‘इफ इट प्लीज यू’ असें होतें, म्हणजे ‘आपल्या मर्जीस येईल तर’. त्यापूर्वींचे लोक ‘आय प्रे यू’ म्हणत, म्हणजे सरळ ‘मी प्रार्थना करतों’. वाक्यें झिजून शब्द उरले, आणि शब्द झिजतां झिजतां त्यांतली मर्जीही थोडीशी झिजली.

ज्ञा, वृ आणि ऋण

या सहायक क्रियापदांची कुळें पाहूं लागलें म्हणजे संस्कृत जाणणारास मोठी मौज वाटते. ‘कॅन’ याचा मूळ अर्थ ‘जाणणें’. इंग्रजींतलें ‘नो’ हें क्रियापद आणि आपला ‘ज्ञा’ धातु हे त्याचेच भाऊबंद. ज्याला जें येतें तें तो करूं शकतो, या न्यायानें ज्ञानाचें सामर्थ्य झालें. ‘मे’ याचा मूळ अर्थ ‘समर्थ असणें’. ‘माइट’ म्हणजे बळ, हें नाम त्याच घराण्यांतलें. सामर्थ्यापासून मोकळीक, आणि मोकळिकीपासून परवानगी, असा त्याचा प्रवास झाला. ‘विल’ म्हणजे इच्छिणें. आपण ‘वर मागणें’, ‘वरणें’ म्हणतों त्या ‘वृ’ धातूशीं त्याचें नातें भाषाशास्त्रज्ञ लावतात. आणि ‘शॅल’ म्हणजे मूळ ‘देणें लागणें’, अर्थात् ऋण. ज्या भाषेनें भविष्यकाळ सांगावयास एकदां इच्छा घेतली आणि एकदां ऋण घेतलें, त्या भाषेंत ‘विल’ आणि ‘शॅल’ यांचा गोंधळ व्हावा यांत नवल नाहीं.

तो गोंधळ मिटविण्यासाठीं जॉन वॉलिस या गणितज्ञानें सन १६५३ च्या आपल्या इंग्रजी व्याकरणांत नियम घालून दिला: प्रथमपुरुषीं ‘शॅल’ म्हणजे नुसतें भविष्य आणि ‘विल’ म्हणजे निश्चय किंवा वचन, द्वितीय व तृतीयपुरुषीं याच्या उलट. जुने इंग्रज पंतोजी या नियमावर एक गोष्ट सांगत. एक परदेशी गृहस्थ नदींत पडला आणि ओरडला, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ त्याला म्हणावयाचें होतें, ‘मी बुडणार, मला कोणी वांचवणार नाहीं!’ कांठावरच्या इंग्रजांनीं ऐकलें, ‘मी बुडणारच, खबरदार कोणी वांचवाल तर!’ आणि त्याची इच्छा मोडूं नये म्हणून ते सभ्यपणें उभे राहिले. आज हा नियम इंग्लंडांतही कोणी कांटेकोरपणें पाळीत नाहीं. परंतु ‘शॅल आय ओपन द विंडो?’ म्हणजे ‘खिडकी उघडूं का?’ हा प्रयोग जिवंत आहे. स्कॉटलंड व आयर्लंड येथील लोक तेथेंही ‘विल आय?’ म्हणतात.

‘मे’ आणि ‘कॅन’ यांचा तंटाही असाच जुना आहे. ‘कॅन आय गो आउट?’ असें विद्यार्थ्यानें विचारावें, आणि ‘तुझ्या पायांत शक्ति आहे कीं नाहीं हें मला काय ठाऊक? मे आय असें म्हण,’ असें मास्तरांनीं उत्तर द्यावें, ही इंग्रजी शाळांतली ठरलेली थट्टा. आतां शिकलेले इंग्रजही परवानगी मागतांना सर्रास ‘कॅन’ आणि ‘कुड’ वापरतात. ‘मे’ हा समारंभाचा पोषाख झाला आहे. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. परवानगी मागतांना ‘मे’ नम्र आहे, पण देतांना तो नम्र नाहीं. ‘यू मे सिट डाउन’ हें वाक्य खुर्चीवरून खालीं उतरतें. तें परीक्षकानें उमेदवारास म्हणावें. घरीं आलेल्या वडीलधाऱ्या पाहुण्यास तें म्हणूं नये. त्याला ‘डू सिट डाउन’ किंवा ‘प्लीज हॅव अ सीट’ म्हणावें.

पाणिनीचे सहा अर्थ

हें सर्व पाहतांना आम्हांस पदोपदीं पाणिनीची आठवण होते. आपण ज्याला विधिलिङ् म्हणतों, तो कोणकोणत्या अर्थीं योजावा हें सांगतांना त्यानें सहा अर्थ एकत्र गोंविले आहेत: विधि, निमंत्रण, आमंत्रण, अधीष्ट, संप्रश्न आणि प्रार्थना. या सहांचे जे खुलासे टीकाकारांनीं केले आहेत, ते वाचून असें वाटतें कीं इंग्रजी सहायक क्रियापदांचीच ही यादी आहे.

विधि म्हणजे हाताखालच्यास कामाला लावणें. इंग्रजींत तेथें सरळ आज्ञार्थ येतो. निमंत्रण म्हणजे ज्याला नाहीं म्हणतां येत नाहीं असें बोलावणें, जसें श्राद्धाच्या भोजनास दौहित्राला बोलावतात तसें. इंग्रज तेथें ‘यू मस्ट कम’ म्हणतो. आमंत्रण म्हणजे ऐकणाराच्या इच्छेवर सोडलेली गोष्ट: वाटल्यास येथें बसावें, हाच ‘इफ यू लाइक’ चा प्रांत. अधीष्ट म्हणजे सत्कारपूर्वक केलेली विनंति: गुरुजींनीं माझ्या मुलास शिकवावें, येथें इंग्रज ‘वुड यू बी सो काइंड’ असें आरंभतो. संप्रश्न म्हणजे काय करावें असें विचारणें: वेद शिकूं कीं तर्क शिकूं? हा ‘शॅल आय?’ झाला. आणि प्रार्थना म्हणजे मागणें: मला भोजन मिळावें, हा ‘मे आय हॅव?’ किंवा ‘कुड आय हॅव?’ होय.

यांत सर्वांत मार्मिक भेद निमंत्रण आणि आमंत्रण यांमधला. महाभाष्यकार पतंजलीनें तो असा केला आहे कीं, देवकार्याच्या किंवा पितृकार्याच्या भोजनाचें बोलावणें नाकारणारास दोष लागतो, तें निमंत्रण. आणि जेथें येणें न येणें ज्याच्या त्याच्या खुषीवर असतें, तें आमंत्रण. म्हणजे शब्द तेच असले तरी नकाराला वाट आहे कीं नाहीं, यावर बोलण्याचें स्वरूप ठरतें. इंग्रजांच्या सर्व विनयाचें मर्म याच एका वाटेंत आहे, असें आमचें मत आहे. इंग्रज मागणें सांगत नाहीं, तो प्रश्न विचारतो. कारण प्रश्नाला ‘नाहीं’ असेंही उत्तर असूं शकतें.

क्रियापद कालचें, काम आजचें

ही वाट मोकळी ठेवण्याचें आणखी एक साधन म्हणजे भूतकाळ. ‘कॅन यू’ पेक्षां ‘कुड यू’ नम्र. ‘विल यू’ पेक्षां ‘वुड यू’ नम्र. ‘आय वाँट टु आस्क’ पेक्षां ‘आय वाँटेड टु आस्क’ सौम्य. आणि सर्वांहून दूरचें ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड’, म्हणजे ‘आपणांस जमेल कीं काय, असा विचार मनांत चालला होता’. काम आजचें, गरज आतांची, आणि क्रियापद मात्र कालचें! परंतु आपण तरी दुसरें काय करतों? शेजाऱ्याच्या दारांत उभे राहून ‘जरा काम होतें’, ‘एक विचारायचें होतें’ असेंच म्हणतों. काम ‘होतें’ म्हणजे तें संपलें, असा अर्थ कोणी करीत नाहीं. मागणें थोडें मागें सरकवून ठेवलें म्हणजे त्याचा भार समोरच्यावर एकदम पडत नाहीं. दोन भाषांना ही एकच युक्ति सुचावी, यावरून मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच आहे असें म्हणावें लागतें.

मात्र या आडून बोलण्यांत एक खड्डा आहे. आमचा एक जुना विद्यार्थी, गणितांत हुशार, एका परदेशी कंपनींत लागला. त्याच्या कामावर लंडनहून देखरेख करणाऱ्या बाईंनीं त्याच्या अहवालावर लिहिलें, ‘यू माइट वाँट टु लुक ॲट द थर्ड टेबल अगेन.’ यानें मनांत भाषांतर केलें, ‘वाटल्यास तिसरा तक्ता पुन्हां पाहा.’ त्याला तसें वाटलें नाहीं. त्यानें पाहिला नाहीं. तक्त्यांत चूक होती, ती तशीच गिऱ्हाइकाकडे गेली. पुढें चौकशी झाली तेव्हां हा म्हणाला, ‘मला कोणीं सांगितलेंच नव्हतें.’ बाई म्हणाल्या, ‘मीं स्पष्ट सांगितलें होतें.’ दोघेंही खरें बोलत होतीं. त्या वर्षींची त्याची बढती मात्र गेली. आणि बढतीच्या भरंवशावर धाकट्या बहिणीच्या लग्नासाठीं जें कर्ज काढलें होतें, तें फेडतांना त्या एका ‘माइट’ची किंमत सगळ्या घरानें दोन वर्षें मोजली. म्हणून तरुण वाचकांस आमचें सांगणें असें कीं, वरिष्ठाच्या तोंडचें ‘यू माइट’, ‘पर्हॅप्स यू कुड’, ‘इट वुड बी गुड इफ’ हीं आमंत्रणाच्या वेषांतलीं विधीचीं वाक्यें समजावीं आणि निमूटपणें कामाला लागावें.

उलट आपल्याकडून जाणाऱ्या पत्रांत ‘काइंडली सेंड द पेपर्स बाय टुमॉरो’, ‘काइंडली डू द नीडफुल’ असे मासले असतात. हीं वाक्यें आपण घरीं घडविलेलीं नव्हेत; जुन्या इंग्रजी पत्रव्यवहारांतूनच तीं आपल्याकडे आलीं. तिकडील लोकांनीं तीं बहुतेक टाकून दिलीं, आपण जपून ठेविलीं. लिहिणाराच्या मनांत आदर असतो. वाचणारास मात्र ती जुनी सरकारी तंबी वाटते. ‘कुड यू प्लीज सेंड’ एवढ्या फेरबदलानें पुष्कळ कटुता टळेल.

‘नाहीं’ म्हणजे ‘हो’

‘वुड यू माइंड’ या प्रयोगानें तर आमच्या कित्येक मुलांना फसविलें आहे. ‘वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?’ म्हणजे ‘खिडकी उघडण्यास आपली कांहीं हरकत आहे का?’ उघडावयाची असेल तर उत्तर ‘नो, नॉट ॲट ऑल’ असें पाहिजे. आपला मुलगा तत्परतेनें ‘येस’ म्हणून उठतो, म्हणजे तोंडानें हरकत घेतो आणि हातानें खिडकी उघडतो! नकार देण्याची रीतिही शिकण्यासारखी आहे. ‘आय ॲम अफ्रेड नॉट’ यांत कोणी कोणास भीत नाहीं. ‘खेद वाटतो, पण जमणार नाहीं’ इतकाच त्याचा अर्थ.

आणि आग्रहाचें काय? आपल्याकडे ‘घ्या हो, आणखी एक घ्या’ हें आज्ञार्थाचें वाक्य असूनही कोणास उद्धट वाटत नाहीं, कारण त्यांत लाभ ऐकणाराचा आहे. इंग्रजींतही असेंच आहे: ‘हॅव अनदर’, ‘टेक केअर’ हे सरळ आज्ञार्थच. ज्यांत कष्ट समोरच्याचे, तेथें आडून बोलावें. ज्यांत सुख समोरच्याचें, तेथें सरळ बोलावें, हा नियम दोन्हीकडे लागू आहे. भेद आहे तो नकारानंतर. मुलाकडे इंग्लंडास गेलेल्या आमच्या नात्यांतल्या एका बाईंना शेजारणीनें ‘वुड यू लाइक सम टी?’ असें विचारलें. बाईंनीं रीतीप्रमाणें पहिल्यानें ‘नको, नको’ म्हटलें, आणि दुसऱ्या आग्रहाची वाट पाहत बसल्या. दुसरा आग्रह आलाच नाहीं. शेजारणीनें त्यांच्या नकाराचा मान ठेवला होता. बाई मात्र घरीं येऊन म्हणाल्या, ‘घोटभर चहासुद्धां दिला नाहीं मेलीनें!’

आशीर्वाद आणि अपुरी इच्छा

इच्छा दोन प्रकारच्या: एक पुरी व्हावी म्हणून केलेली, दुसरी पुरी होणार नाहीं हें ठाऊक असून केलेली. पहिलीसाठीं आपल्याकडे आशीर्लिङ् आणि लोट्. ‘आयुष्मान् भव’, ‘औक्षवंत हो’. इंग्रज तेथें वाक्याच्या आरंभींच ‘मे’ घालतो, किंवा क्रियापदाचें जुनें विनाप्रत्यय रूप वापरतो. ‘गॉड सेव्ह द किंग’ यांत ‘सेव्ह’ला ‘एस’ कां नाहीं, असें मुलें विचारतात. उत्तर असें कीं, देव रक्षण करतो अशी ती बातमी नव्हे. देव रक्षण करो, अशी ती इच्छा आहे. निरोप घेतांनाचें ‘गुडबाय’ हेंही मूळचें ‘गॉड बी विथ यी’, म्हणजे ‘देव तुमच्याबरोबर असो’. आपण निघतांना ‘जातों’ न म्हणतां ‘येतों’ म्हणतों. दोघांच्याही निरोपांत जाणाराची काळजी आहे.

दुसऱ्या प्रकारच्या इच्छेस इंग्रज पुन्हां भूतकाळच वापरतो: ‘आय विश आय न्यू’, ‘इफ ओन्ली ही वेअर हिअर’. आपणही ‘मला ठाऊक असतें तर’, ‘आज तो येथें असता तर’ असेंच म्हणतों. पण ‘आय विश यू वुड’ पासून सावध राहावें; ‘आय विश यू वुड कम ऑन टाइम’ ही शुभेच्छा नव्हे, तो वैताग आहे.

आपल्या घरांत

आतां शेवटची आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट. इंग्रजी नीट बोलण्याचा अभ्यास चालला असतां आपली मराठी मात्र बिघडत चालली आहे. ‘मी आंत येऊं शकतों का?’, ‘तुम्ही आतां बसूं शकतां’, ‘तुम्ही मला पाणी देऊं शकाल का?’ हीं वाक्यें आतां शाळांत, कचेऱ्यांत आणि घरांतही ऐकूं येतात. हीं मराठी नव्हेत; इंग्रजी ‘कॅन’ला आणि हिंदी ‘सकना’ला मराठी लुगडें नेसविलें आहे. ‘शकणें’ हें आपल्याकडे सामर्थ्याचें क्रियापद आहे. ‘पाणी देऊं शकाल का?’ असें विचारलें तर कळशी उचलण्याइतकें बळ आहे का, असा त्याचा अर्थ होतो. परवानगीसाठीं ‘आंत येऊं का?’ हें तीन शब्दांचें वाक्य आपल्याजवळ असतां उसनवारी कशाला? ‘जरा पाणी देतां का?’ यांतला ‘जरा’ इंग्रजांच्या लांबलचक वाक्याइतकें काम करतो. ‘जायला हरकत नाहीं’, ‘बसावें’, ‘घेऊं द्या’, ‘एवढें करावें’ हे प्रयोग घरांतल्या वडील माणसांनीं मुलांच्या कानांवर घालीत राहिलें पाहिजे. मराठींतला हा ‘आवें’ प्रत्यय संस्कृत ‘तव्य’पासून आलेला, ‘कर्तव्य’ या शब्दाचाच ‘करावें’ हा मराठी अवतार. तो आपल्या मुलांच्या तोंडून गेला, तर एक प्रत्यय गेला एवढ्यावर भागणार नाहीं. पाहुण्याला उंबरठ्यावर मान देण्याची रीतच जाईल.

त्याचबरोबर वडील मंडळींसही एक विनंति आहे. परदेशांत वाढलेली नात ‘आजोबा, कॅन यू रीड मी अ स्टोरी?’ असें म्हणाली, तर तिनें आपली परीक्षा मांडली असें समजूं नये. ती गोष्ट मागत आहे, आणि तुम्हांस नाहीं म्हणण्याची मोकळीकही देत आहे. तिला जवळ बसवून गोष्ट सांगावी, आणि गोष्ट संपल्यावर हेंच मराठींत कसें म्हणावें तेंही शिकवावें: ‘आजोबा, मला गोष्ट सांगतां का?’ त्या वाक्यांत ‘शकणें’ नाहीं, ‘कृपया’ नाहीं. ‘सांगतां’ मधल्या मानार्थी रूपांत आदर आला आणि ‘का’ मध्यें विनंति आली. दोन्ही भाषांतलें ज्याचें त्याचें वळण मुलांना अशा रीतीनें लहानपणींच समजलें, तर पुढें त्यांना कोणत्याही देशांत कोणाच्या दारीं उभें राहतांना संकोच वाटणार नाहीं.